माशाच्या अंगावरचे पट्टे आणि प्रयोजनाचा प्रश्न

बालवाडीच्या वयातील मुलांना क्लाऊनफिशच्या शरीराची ओळख करून देताना कल्ल्यांनी श्वास घेता येतो आणि परांनी पोहता येते हे सहज सांगता येते. पण नारिंगी अंगावरचे तीन पांढरे पट्टे कशासाठी, असे मुलाने विचारले की शिकवणाऱ्यापुढे केवळ प्राणिशास्त्राचा प्रश्न राहत नाही, तर निसर्गात हेतू असतो काय, हा तत्त्वज्ञानातील जुना वाद उभा राहतो. सृष्टीतील प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी आहे, या धारणेला प्रयोजनवाद म्हणतात, आणि लहान मुलांचा कल तिच्याकडेच असतो. मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील मुलांनी, खडक टोकदार का, याचे उत्तर निवडताना भौतिक कारण बाजूला ठेवून प्राण्यांना अंग खाजवता यावे अशा स्वरूपाची प्रयोजने पसंत केली होती.

या कलाला बालिश म्हणून झटकणे योग्य नाही, कारण भारतीय दर्शनांनीही तो गांभीर्याने तपासला आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, वासराच्या पोषणासाठी अचेतन दूध जसे वाहते, तशीच जड प्रकृती पुरुषासाठी, म्हणजे चैतन्यासाठी, प्रवृत्त होते असे प्रतिपादन आहे. त्यावर ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्यांनी आक्षेप घेतला की दूध पान्हवते ते गाईच्या वात्सल्यामुळे, आणि गाय तर चेतन आहे. प्रयोजन दोघांनाही मान्य आहे. वाद आहे तो त्यामागे जाणणारा कोणी असावाच लागतो काय, एवढ्यापुरता. १८५९ मध्ये डार्विनने नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडला, तेव्हा कोणी योजलेली नसतानाही उपयुक्तता घडत जाऊ शकते, असा निराळा मार्ग पुढे आला.

क्लाऊनफिशच्या अंगावरील बुळबुळीत थर हे अशा उपयुक्ततेचे उत्तम उदाहरण आहे. समुद्रफूल या समुद्री प्राण्याच्या स्पर्शकांवर, म्हणजे लवचीक बाहूंवर, दंश करणाऱ्या पेशी असतात; इतर मासे त्यांना बळी पडतात, पण या थरामुळे क्लाऊनफिश त्यांच्यातच घर करून राहतो. थराचा उपयोग येथे खराच आहे आणि तो मुलांना सांगावा. मात्र तो माशाला ‘दिला’ असे म्हणताच दात्याचा प्रश्न नकळत निकालात निघतो, आणि एवढा मोठा निकाल प्राण्यांची ओळख करून देणाऱ्या धड्याने परस्पर देऊन टाकू नये, मग तो आस्तिकाच्या बाजूचा असो वा नास्तिकाच्या.

पट्ट्यांची गोष्ट वेगळी आहे. ते पिलाच्या अंगावर डोक्याकडून शेपटीकडे उमटत जातात, त्यामागे थायरॉइडच्या संप्रेरकाचा, म्हणजे शरीरातील वाढ नियंत्रित करणाऱ्या रसायनाचा, हात असतो, आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या पेशींमुळे ते पांढरे दिसतात. पापुआ न्यू गिनीजवळच्या समुद्रात तर एकाच जातीच्या पिलांत, ती कोणत्या समुद्रफुलात राहतात त्यानुसार, पट्टे लवकर किंवा उशिरा येतात. शत्रूपासून लपणे, स्वजातीयांची ओळख, इशारा, अशी अनेक प्रयोजने सुचवली गेली असली तरी एकावर एकमत झालेले नाही. तेव्हा शिक्षकांनी येथे सोयीचे प्रयोजन रचून सांगू नये. पट्टे कसे उमटतात ते सांगावे, आणि कशासाठी, हा प्रश्न मुलाच्या हाती तसाच राहू द्यावा.