यादी आणि पावती

सप्ताहाची सांगता होते, काल्याचे कीर्तन होते, पंगती उठतात, मंडप उतरतो आणि मग कमिटी हिशेबाला बसते. पूर्वी शिल्लक उरली तर ती मंदिराच्या रंगाला किंवा पुढच्या वर्षीच्या मंडपाला जात असे. अलीकडे आमच्या भागातल्या काही गावांनी निराळा पायंडा पाडला आहे. त्या शिलकीत दरमहा थोडी वर्गणी घालायची आणि गावातल्या अडलेल्या घरांचा नित्याचा खर्च भागवायचा. कोणाचे दोन महिन्यांचे खोलीभाडे, कोणाचे लाइट बिल, कोणाचा किराणा, कोणाच्या पोराची परीक्षा फी. माझ्या मते हा सप्ताहाचा आठवा दिवसच आहे. परंतु या कामातून एक प्रश्न निघाला आणि एका कमिटीने तो माझ्यापुढे ठेवला. ज्यांना मदत दिली त्यांची नावे देवळातल्या फळ्यावर लावावीत की नाही?

लावावीत म्हणणाऱ्यांचे म्हणणे टाकून देण्यासारखे नाही. पैसा लोकांचा आहे. तो कोणाच्या घरी गेला हे लोकांना कळले नाही तर संशय येतो, आणि गावात एकदा संशय शिरला की वर्गणी आटते. शिवाय खरा गरजू कोण आणि फुकट्या कोण, हे गावच ओळखते. हा व्यवहार झाला. परमार्थ काय म्हणतो ते पाहू.

पंगतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे सावकार आणि मजूर एका ओळीत बसतात, एकच आमटी दोघांच्या पानात पडते. त्या अन्नाला आपण दान म्हणत नाही, महाप्रसाद म्हणतो. दोन दिवसांचा उपाशी कोण आणि नुसता प्रसादापुरता बसलेला कोण, हे वाढप्यालाही कळत नाही. आपल्या वाडवडिलांनी भुकेची लाज झाकण्यासाठी केवढी सुंदर सोय करून ठेवली! पण खोलीभाड्याची पंगत बसवता येत नाही. तिथे एकाच घराला द्यावे लागते आणि म्हणून ते घर उघडे पडते.

ताहराबादच्या महिपतीबुवांनी सांगितलेल्या दोन कथा इथे उपयोगी पडतात. दामाजीपंतांची कथा वाचकांना ठाऊकच आहे. दुष्काळात मंगळवेढ्याचे कोठार त्यांनी भुकेल्यांसाठी उघडले. धान्य बेदरच्या बादशहाचे होते, म्हणजे दान केले ते दुसऱ्याच्या मालाचे. पुढे पांडुरंग विठू महार होऊन दरबारात गेला आणि त्याने पैसे भरले. देव महार झाला इथे आम्ही कीर्तनकार थांबतो, आणि थांबावेच. मात्र त्याच्या पुढचे एक वाक्य आम्ही भरभर म्हणून टाकतो. देवाने पैसे भरले आणि पावती घेतली. पुढे ती दामाजीपंतांना पोथीत सापडली. जगाचा मालक, पण दुसऱ्याच्या कोठाराचा हिशेब त्यालाही पुरा करावा लागला. तेव्हा हिशेब मागणे ही नास्तिकाची खोड आहे, असे कोणी म्हणू नये.

दुसरी कथा तुकोबारायांची. 1630 च्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बसला, गुरे गेली. घराण्यात सावकारी होती, लोकांकडून येणे होते. परंपरा सांगते की तुकोबांनी कर्जखतांचे दोन भाग केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा भाग त्यांना दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला. भावाचा वाटा त्यांनी धर्माच्या नावाखाली बुडवला नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी, की कर्जखत म्हणजे अडलेल्या माणसांची यादीच. एकेकाला वाड्यावर बोलावून कागद हाती दिला असता तर प्रत्येक जण पाया पडला असता, गावभर वाहवा झाली असती. तुकोबांनी ती यादीच पाण्यात घातली. त्या दिवशी देहूतली कोणती घरे ऋणमुक्त झाली, हे आज कोणाला सांगता येणार नाही. दामाजीपंतांच्या कथेतही धान्य नेणाऱ्यांची नावे नाहीत.

इथे गीतेच्या सतराव्या अध्यायाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, दान पात्राला द्यावे असे भगवंतच सांगतात. मग पात्रता तपासायला नको? तपासावी. पण दानाचे ते तीन श्लोक नीट लावून पाहावेत. त्यांत परीक्षा चालली आहे ती मुख्यतः देणाऱ्याच्या मनाची. मोबदल्याची आशा धरून किंवा कुरकुरत दिले ते राजस, आदरावाचून, अवहेलना करून दिले ते तामस. आपण ‘पात्र’ हा एक शब्द उचलतो आणि ‘अवहेलना’ तिथेच सोडून देतो. हल्ली किराण्याच्या एका पिशवीला सात हात लागलेले असतात, सातही तोंडे फोटोकडे, आणि घेणारी बाई खाली पाहत असते. ते दान कोणत्या गुणाचे, हे मी सांगण्याची गरज नाही.

मग सगळे गुपचूप करावे का? एका गावी कमिटीने तसे केले. दुकानदाराकडे जाऊन एका गृहस्थाची उधारी परस्पर भरून टाकली. तो गृहस्थ माझ्याकडे आला तो संतापूनच. म्हणाला, “महाराज, उधारी माझी होती, फेडणारही मीच होतो. मला न विचारता गावाने फेडली, म्हणजे मी बुडवणाराच ठरलो ना?” त्याचे म्हणणे मला पटले. तुकोबांनी सोडले ते स्वतःचे येणे होते. सावकाराला ते सोडण्याचा अधिकार आहे. तिऱ्हाइताने ऋण फेडणे ही निराळी गोष्ट. त्यात ऋणकऱ्याचा नाही म्हणण्याचा हक्क हिरावला जातो. नाव झाकले म्हणून मान राखला असे होत नाही.

आता तिथे दुकानदार आधी त्या माणसाला एकट्याला विचारतो. घ्यायचे असेल तर घ्यावे, आणि हात मोकळा झाला की देवळाच्या पेटीत जमेल तेवढे टाकावे, लिहून न देता. गाडगेबाबा भाकरी घेण्याआधी त्या घरचे लाकूड फोडून देत, अंगण झाडून देत. हे उदाहरण ऐकून काही उत्साही मंडळी म्हणाली, मग मदत घेणाऱ्यांना देवळात झाडलोट लावू. मी नको म्हटले. बाबांनी तो नियम स्वतःला लावला होता. भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा, गरिबाच्या मुलांच्या शिक्षणाला मदत, रोग्याला औषध असे जे त्यांनी लोकांना सांगितले, त्यात मोबदल्याची अट कुठे आहे?

कमिटीला मी एवढेच सांगितले. फळ्यावर जमा किती, खर्च किती, किती घरांना आणि कशासाठी, हे पैशापैशाने लावा. भाडे आणि बिल परस्पर भरून प्रत्येकाची पावती ठेवा. नावांची वही कुलपात ठेवा. ती हिशेब तपासणाऱ्याने आणि गावाने नेमलेल्या दोघांनी पाहावी, त्यांत एक बाई असावी. घरातली चूल कशी चालली आहे हे बायकांना आधी कळते.

कमिटीने ते मान्य केले. दोन वर्गणीदारांनी मात्र वर्गणी थांबवली. दोघांच्याही घरी मी जाऊन आलो. एकाने पुन्हा सुरू केली आहे. दुसरे म्हणतात, आषाढीनंतर पाहू.