भोंग्याचं प्रामाण्य

देवळातल्या भोंग्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न आमच्या गावात संस्कृतच्या निवृत्त मास्तराकडे, म्हणजे माझ्याकडे आला, कारण मास्तराला वेळ आहे असं देवळाच्या समितीतल्या तरुणांना वाटतं. वाटतं ते बरोबर आहे.

गोव्यात फंडपेटी फोडल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. म्हणून आमच्या वाड्यावरच्या देवळात कॅमेरे आले, दाराला सेन्सर आला आणि कौलांखाली भोंगा. पावसात वीज गेली-आली की तो कोकलतो, वटवाघूळ फिरकलं तरी कोकलतो. आधी लोक बॅटऱ्या घेऊन धावत. आता कूस बदलतात.

मीमांसकांचं म्हणणं असं, की ज्ञान उपजतं ते खरं म्हणूनच. खोटं ठरवायला मात्र बाहेरचं काही लागतं: साधनात दोष सापडावा, किंवा नंतरच्या ज्ञानानं आधीचं खोडावं. हा कुमारिल भट्टांचा स्वतःप्रामाण्याचा पक्ष. नैयायिक याच्या उलट. दिसलं ते पाणी की मृगजळ, हे तहान भागल्यावर ठरवा म्हणतात. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीनं 2000 साली हाच पक्ष नियमात बसवला: कुणीतरी जागेवर जाऊन खातरजमा केल्याशिवाय चोरीच्या अलार्मला पोलीस धावणार नाहीत. अस्सल नैयायिक शहर! ब्रिटनमधले पोलीस कुमारिलांच्या जवळचे. नोंदणी असलेल्या अलार्मवर आधी विश्वास, पण वर्षभरात ठरावीक वेळा खोटं निघालं की साधनातला दोष सिद्ध, धावणं बंद.

माझा कल मीमांसकांकडे. पहिल्यापासून अविश्वासच ठेवायचा, तर भोंगा बसवायचा कशाला? पण मीमांसकांनी एक हिशेब मांडलेला नाही: या विश्वासाची किंमत कोण मोजतो?

सप्टेंबर 2023 मध्ये पर्वरीच्या टेकडीवरचा त्सुनामीचा भोंगा रात्री आपोआप सुरू झाला आणि वीसेक मिनिटं वाजत राहिला. समुद्र जागच्या जागी होता. इशारा खोटा, असा खुलासा झाला. दोरीवर दिसलेला साप खोटा, हे वेदान्त्यांना मान्यच आहे. पण दोरी ओळखल्यावरही अंगाचा कंप काही वेळ राहतो, हेही त्यांनीच सांगितलंय. तो कंप खरा असतो. खुलाशानं साप जातो, कंपाची भरपाई होत नाही.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. निवासी भागात रात्री दहा ते सहा मर्यादा 45 डेसिबलची. सार्वजनिक आणीबाणीला सूट आहे. आता आणीबाणी होती की नव्हती, हे भोंगा वाजून गेल्यावरच कळायचं. पेटी देवाची, निर्णय समितीचा आणि झोप मोडते ती समोरच्या घरातल्या आजारी म्हातारीची.

बैठकीत एका वयस्क महाजनांनी भलताच मुद्दा काढला. ‘‘गावाला राखणदार आहे. आपण त्याला रोट देतो. मग हा भोंगा म्हणजे त्याच्यावर अविश्वासच नव्हे?’’ पोरं हसली. मला हसू आलं नाही. राखणदार रात्री फेरी मारतो, अशी आपल्याकडे श्रद्धा. म्हणून तर ठिकठिकाणी त्याला वहाणा वाहतात. तो आहे की नाही, यावर मी वाद घालणार नाही. पण ज्यांनी त्याची कल्पना केली, त्यांना एक पक्कं ठाऊक होतं: राखण करणाऱ्याचं पायताण झिजतं. भोंगा स्वतः कुठे जात नाही, तो दुसऱ्याला उठवतो. आम्ही राखण विकत घेतली असं समजत होतो, प्रत्यक्षात हाक तेवढी विकत घेतली.

म्हणून मी लेखी सुचवलं. इशारा आधी किल्ली सांभाळणाऱ्याच्या मोबाईलवर जावा. बाहेरचा भोंगा पाच मिनिटांत आपोआप थांबावा. खोट्या इशाऱ्यांची नोंद वहीत व्हावी, आणि ती वाढली की दुरुस्ती होईपर्यंत भोंगा बंद. ‘‘सर, हे सगळं मान्य,’’ असं अध्यक्ष म्हणाले. चौथं कलम होतं, मोबाईल वाजल्यावर रात्री देवळात कोण जाणार त्याची नावं आणि पाळ्या. ते वाचायला घेतलं, तेवढ्यात चहा आला.