श्रेय कोणाचे?

आपल्या चर्चमधील बाकांवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. त्यात वावगे काही नाही. आपल्या हातून घडलेल्या सत्कार्यावर आपले नाव राहावे, असे कोणाला वाटत नाही? परंतु कार्य जेव्हा सत्यशोधनाचे असते, तेव्हा नावाचा आग्रह कितपत धरावा? बेल्जियममधील एका धर्मगुरूचे चरित्र या प्रश्नावर प्रकाश टाकते.

फादर जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १८९४ साली झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. १९२३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी खगोलशास्त्राच्या अभ्यासासाठी ते केंब्रिजला आर्थर एडिंग्टन यांच्याकडे गेले. विश्व प्रसरण पावत आहे, दीर्घिका जितकी दूर तितक्या अधिक वेगाने ती दुरावते, असे त्यांनी १९२७ मध्ये एका फ्रेंच निबंधात मांडले आणि प्रसरणाचा दरही काढला. १९२९ मध्ये एडविन हबल यांनी अधिक चांगल्या निरीक्षणांतून हाच संबंध दाखविला. नियमाला नाव हबल यांचे मिळाले.

१९३१ मध्ये लमेत्र यांचा निबंध इंग्रजीत आला, तेव्हा नेमका दराचा भाग त्यात नव्हता. कोणी तरी तो मुद्दाम गाळला, असा संशय पुढे व्यक्त झाला. २०११ मध्ये मात्र त्यांचेच पत्र उजेडात आले. भाषांतर त्यांनी स्वतः केले होते आणि ती जुनी चर्चा आता उपयोगाची नाही, म्हणून त्यांनीच ती वगळली होती.

ही नम्रता म्हणावी, की स्वतःवर केलेला अन्याय? आम्हांला वाटते, ही केवळ सत्यनिष्ठा होती. लमेत्र यांचा आकडा सुमारे सहाशे होता, हबल यांचा पाचशे. आज तो सत्तरच्या आसपास मानला जातो. आकडे गळून पडले, नियम उरला. जे गळणार होते, त्याला कवटाळून बसणे त्यांनी नाकारले.

हीच वृत्ती १९५१ मध्येही दिसली. पोप पायस बारावे यांनी विश्वारंभाच्या नव्या सिद्धांताचा संबंध ईश्वरी निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. उद्या बदलू शकेल अशा सिद्धांतावर श्रद्धेने टेकू नये, आणि विज्ञानाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये, अशी त्यांची धारणा होती. पुढील वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपमहोदयांनी तो मुद्दा पुन्हा मांडला नाही.

लमेत्र १९६६ साली निवर्तले. विश्वारंभाची खूण मानल्या गेलेल्या प्रारणाचा शोध लागल्याची वार्ता त्यांना शेवटच्या आजारात कळली होती. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने मतदान घेऊन त्या नियमाला ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणावे, अशी शिफारस केली.

मग त्यांनी सोडलेले श्रेय जगाने परत का द्यावे? कारण कोणी काय शोधले, हेही एक सत्यच आहे. स्वतःचे श्रेय सोडणे हा ज्याचा त्याचा सद्गुण. दुसऱ्याचे श्रेय त्याला देणे हे मात्र आपणा सर्वांचे कर्तव्य. घरात, धर्मग्रामात, कामाच्या ठिकाणी आपण बहुधा याच्या उलट वागतो: नम्रतेचा उपदेश दुसऱ्याला करतो आणि न्याय तेवढा स्वतःसाठी मागतो.