रेषा, गती आणि देहाचा धनी

मानवी देहाचे रेखाटन शिकणारा नवखा विद्यार्थी बहुधा डोक्यापासून सुरुवात करतो, मग मान, खांदे, धड अशा क्रमाने खाली उतरत जातो, आणि आकृतीची बाह्यरेषा पुरी झाल्यावर तिच्यात चालण्याचा, वाकण्याचा किंवा ओझे उचलण्याचा आविर्भाव भरू पाहतो. परिणामी कागदावरच्या माणसाने पाय पुढे टाकलेला असला तरी तो जागचा हलणार नाही याची पाहणाऱ्याला खात्री वाटते. या फसलेल्या चित्रामागे एक गृहीतक असते. माणूस आधी पूर्णपणे सिद्ध असतो आणि हालचाल नंतर त्याला येऊन चिकटते, म्हणजेच कर्ता अगोदर आणि क्रिया मागाहून, असे ते गृहीतक असून भारतीय दर्शनांनी त्याचा काथ्याकूट शतकानुशतके केला आहे. मात्र त्या वादात चित्रकाराची साक्ष कोणी फारशी काढलेली नाही.

या गृहीतकाला सर्वांत व्यवस्थित आधार दिला तो वैशेषिक दर्शनाने. कणादाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दर्शनात जगातील यच्चयावत वस्तूंची विभागणी ‘पदार्थ’ नावाच्या मूलभूत वर्गांत केलेली आहे, आणि द्रव्य, गुण यांच्या पाठोपाठ येणारा तिसरा पदार्थ म्हणजे ‘कर्म’. इथे कर्म म्हणजे पापपुण्याचा साठा नव्हे, तर निव्वळ भौतिक हालचाल. तिचे पाच प्रकार सांगितले आहेत: उत्क्षेपण (वर उचलणे), अवक्षेपण (खाली टाकणे), आकुंचन (आखडणे), प्रसारण (पसरणे) आणि गमन, ज्याच्या पोटात उरलेल्या सगळ्या हालचाली ढकलून दिल्या आहेत. पहिले चार प्रकार जणू हातापायांकडे बघूनच ठरवल्यासारखे वाटतात, आणि हालचालीची वर्गवारी करताना ग्रहताऱ्यांऐवजी अवयवांकडे पाहणारे हे दर्शन चित्रकाराला जवळचे वाटावे यात नवल नाही.

वैशेषिकसूत्रांच्या पाचव्या अध्यायातील मुसळाचे उदाहरण तर रेखाटनाच्या वर्गात सांगावे असे आहे. कांडताना हात वर जातो तो आत्म्याशी असलेल्या संयोगामुळे आणि प्रयत्नामुळे, म्हणजे ‘मला मुसळ उचलायचे आहे’ या आतल्या जोरामुळे. हाताच्या संयोगाने मुसळ वर जाते. परंतु उखळावर आदळून मुसळ जेव्हा उसळते, तेव्हा त्या उसळण्याचे कारण हाताचा संयोग नसतो, आघात हे त्याचे कारण असते, आणि मुसळाबरोबर वर जाणाऱ्या हाताच्या त्या हालचालीलाही आत्म्याचा प्रयत्न कारण नसतो. एकाच उंचीवर असलेले, एकाच मुसळावर मूठ आवळलेले दोन हात सूत्रकाराने असे वेगळे केले: एक नेणारा, दुसरा नेला जाणारा. हा फरक ज्याला कोळशाच्या रेषेत दाखवता येतो, खांद्यातून जोर निघालेला हात आणि मनगटाकडून ओढला गेलेला हात ज्याला निरनिराळे काढता येतात, त्याला हालचाल कळली असे म्हणायला हरकत नाही.

याच दर्शनात ‘संस्कार’ नावाचा एक गुण मानला असून त्याचे तीन भेद या दर्शनाचा भाष्यकार प्रशस्तपाद याने सांगितले आहेत. पहिला वेग, ज्याच्यामुळे सुरू झालेली हालचाल पुढे चालू राहते. दुसरा भावना, म्हणजे अनुभवाने आत्म्यावर उमटलेला आणि पुढे स्मृतीला कारण होणारा ठसा. तिसरा स्थितिस्थापक, ज्याच्यामुळे वाकवलेले धनुष्य किंवा झाडाची फांदी सोडून देताच पूर्ववत होते. तीन इतक्या भिन्न गोष्टी एका वर्गात कशा बसवल्या हा प्रश्न टीकाकारांना पडू शकतो, पण अर्ध्या मिनिटात बदलणारी मुद्रा कागदावर उतरवणाऱ्याला तिन्हींची एकदमच गरज लागते: समोरच्या देहातला वेग, ताणलेल्या स्नायूतली परत येऊ पाहणारी ओढ, आणि मुद्रा मोडल्यावर स्वतःच्या स्मृतीत राहिलेला तिचा ठसा. गेलेल्या क्षणाने आताच्या क्षणात काहीतरी शिल्लक ठेवलेले असणे, हे या तिघांतले समान सूत्र आहे.

वैशेषिकांच्या या मांडणीवर, निदान तिच्या मुळाशी असलेल्या समजुतीवर, सर्वांत कठोर आघात बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने केला. मूलमध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात तो विचारतो की जाणे नेमके कुठे असते. जो मार्ग चालून झाला त्यावर जाणे आता नाही, जो चालायचा आहे त्यावर ते अजून नाही, आणि या दोहोंखेरीज ‘चालला जात असलेला’ असा तिसरा भाग दाखवता येत नाही. पुढे तो गंत्याकडे, म्हणजे जाणाऱ्याकडे वळतो: जाण्यावाचून गंता सिद्ध होत नाही, आणि गंता सिद्ध झाल्यावर त्याने पुन्हा जायचे म्हटले तर एका माणसाला दोन जाणी मानावी लागतात. बाह्यरेषा पुरी करून मग तिला चालवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची चूक नागार्जुनाने यापेक्षा नेमकेपणाने सांगितली नसती.

विसाव्या शतकातील कलाशिक्षणाने, नागार्जुनाचा गंधही नसताना, नेमका हाच धडा दिला. अमेरिकन शिक्षक किमॉन निकोलाइडीस यांच्या निधनानंतर १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेखाटनविषयक पुस्तकात, वस्तू कशी दिसते ते न काढता ती काय करते आहे ते काढावे, असा आग्रह आहे. त्यासाठी मॉडेलने मिनिटभरच मुद्रा धरायची आणि विद्यार्थ्याने कडा न शोधता, हात न उचलता, देहभर धावणाऱ्या जोराचा माग काढायचा. मानेच्या मणक्यापासून कण्यातून उतरून भार पेलणाऱ्या टाचेपर्यंत जाणारी एक रेषा प्रथम पडते, आणि डोके, दंड, मांड्या तिच्यावर मागाहून येतात. इथे गंता जाण्याच्या आधी नसतो. तो जाण्यातूनच हळूहळू गोळा होतो.

तरीही रेखाटनाची साक्ष नागार्जुनाच्या बाजूने पूर्णपणे जात नाही. तो जाणे शोधतो ते मार्गाच्या तुकड्यांत, आणि तिथे ते सापडत नाही हे खरे. पण चित्रकार ते मार्गावर शोधतच नाही, तो ते भारात शोधतो. उभ्या माणसाच्या गळ्याच्या खळीतून सोडलेला ओळंबा भार पेलणाऱ्या पायावर पडतो तोवर देह तोललेला असतो. ओळंबा तळव्याच्या बाहेर पडला की देह त्या स्थितीत राहू शकत नाही, हे पाहणाऱ्याला विचार न करता कळते. भारतीय शिल्पशास्त्राने याच कामासाठी ब्रह्मसूत्र नावाची मधली उभी रेषा मानली आणि तिच्यापासून देह किती ढळतो यावरून समभंग, आभंग, त्रिभंग, अतिभंग असे भेद केले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे मस्तक, धड आणि कटी या तीन जागी मोडत जाणारी रेषा पाहिली, तर तो कुठेही जात नसतानाही त्याच्या देहात गती का जाणवते हे समजते. तोल गेलेला देह हा केवळ या क्षणाचा देह नसतो; तो कुठून आला आणि कुठे पडेल हे त्याच्यातच लिहिलेले असते, आणि नागार्जुनाने नाकारलेला तिसरा भाग, निदान दिसण्यापुरता, तिथे हाती लागतो.

मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या इतिहासात भारतीय रेषेची आणि जिवंत मॉडेलवरून रेखाटनाची अशा दोन्ही वाटा आढळतात. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अनेक वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि १९२० च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात जिवंत, अनावृत मॉडेलवरून अभ्यास करण्याचा वर्ग रुजला. पाश्चात्त्य शरीरशास्त्र खरे की भारतीय रेषा खरी, यावर पुढे पुष्कळ शाई खर्ची पडली. परंतु भार कुठे पडतो हा प्रश्न दोन्ही परंपरांनी सारख्याच कसोशीने विचारला होता, आणि त्या वादात नेमके तेवढेच हरवले.

क्षणाला वेगळे काढल्यास गती हरवते, याचा रोकडा पुरावा कॅमेऱ्याने दिला. एडवर्ड मायब्रिजने जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे १२ कॅमेऱ्यांच्या रांगेसमोरून धावणाऱ्या घोड्याची छायाचित्रे घेतली, आणि घोड्याचे चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, चित्रकार काढत तसे पुढेमागे ताणलेले असताना नव्हे, हे सिद्ध झाले. चित्रकार जेरिकोचे १८२१ चे एप्समच्या घोड्यांच्या शर्यतीचे चित्र त्यामुळे चुकीचे ठरले. पण शिल्पकार रोदँ याने, १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॉल ग्सेलशी केलेल्या संवादात, जेरिकोचीच बाजू घेतली: काळ प्रत्यक्षात थांबत नाही, म्हणून थांबलेला क्षण दाखवणारे छायाचित्रच खोटे, आणि निरनिराळ्या क्षणांचे अवयव एका देहात जोडणारा कलावंत खरा. छायाचित्रातला घोडा हवेत गोठतो, जेरिकोचा धावतो.

इथून प्रश्न गतीकडून चैतन्याकडे वळतो. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात की नृत्याचे शास्त्र जाणल्यावाचून चित्राचे शास्त्र कळणे कठीण आहे. देह प्रेक्षकाकडे कसा वळला आहे यावरून त्यात नऊ स्थाने सांगितली आहेत, समोरून पूर्ण दिसणाऱ्या ऋज्वागतापासून पाठमोऱ्या पृष्ठागतापर्यंत. आणि वळलेल्या देहाचे अवयव कुठे आखूड, कुठे मोठे दिसतात याला ‘क्षय’ आणि ‘वृद्धी’ म्हटले आहे. लाटा, ज्वाळा, धूर, पताका आणि वस्त्रे वाऱ्याच्या गतीने काढणाऱ्याला हा ग्रंथ चित्रविद् म्हणतो. मात्र त्याच ओघात तो आणखी एक कसोटी घालतो, आणि ती अधिक अवघड आहे: झोपलेला माणूस चेतनायुक्त आणि मेलेला माणूस चैतन्यरहित काढता आला पाहिजे. दोघेही आडवे, दोघेही निश्चल; पाच कर्मांपैकी एकही कर्म दोघांत डोळ्याला दिसत नाही, तरीही फरक रेषेनेच दाखवायचा आहे.

वैशेषिकांनी देहातील आत्म्याच्या अस्तित्वाची जी लिंगे, म्हणजे अनुमानाची चिन्हे, सांगितली त्यांत श्वासोच्छ्वास आणि पापण्यांची उघडझाप अग्रभागी आहेत. प्रशस्तपादाच्या मते रथाच्या चालण्यावरून सारथी, भात्याच्या फुगण्यावरून भाता चालवणारा आणि लाकडी बाहुलीच्या हालण्यावरून सूत्रधार ओळखावा, तसा देहाचा धनी ओळखावा. चित्रातील निद्रिस्ताला मात्र श्वास नाही आणि आत्माही नाही, म्हणजे नैयायिकांच्या काटेकोर भाषेत इथे हेतूच असिद्ध आहे, आणि असे अनुमान भ्रम ठरायला हवे. पण चित्र पाहणारा भ्रमात नसतो. रंगवलेला पांथस्थ पुढे सरकेल म्हणून कोणी वाट पाहत बसत नाही. काश्मीरच्या श्रीशंकुकाने रसचर्चेत चित्रातल्या घोड्याचाच दृष्टान्त दिला होता: तो घोडा पाहताना होणारे ज्ञान सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारांपैकी कोणत्याही घरात बसत नाही. रस म्हणजे नटाने केलेले भावाचे अनुकरण, हे शंकुकाचे मत अभिनवगुप्ताने आपले गुरू भट्टतौत यांच्या आधारे खोडले, त्यात मुख्य हरकत अशी की नट वेषाचे, हातापायांचे अनुकरण करू शकेल, चित्तवृत्तीचे कसे करील? ही हरकत बाह्यरेषेवर विसंबणाऱ्या चित्रकाराला पूर्ण लागू पडते. परंतु प्रयत्न ही चित्तवृत्ती भाराच्या रूपाने देहाच्या पृष्ठभागावर येतेच, आणि झोपलेल्याची सैल पडलेली मान व प्रेताची ताठरलेली मान यांत तिचे असणे-नसणे वाचता येते.

या कसोटीला सर्वांत विलक्षण पेच घालते ती अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची, सुमारे ७ मीटर लांबीची मूर्ती. उजव्या कुशीवर, हात गालाखाली घेऊन पहुडलेला हा देह चित्रसूत्राच्या कोणत्या रकान्यात टाकावा? तो झोपलेला नाही; आणि मृत म्हणावे तर तथागत मृत्यूनंतर असतो, नसतो, असतो आणि नसतो, किंवा दोन्ही नाही, या चारही प्रश्नांना बुद्धाने उत्तर नाकारले होते, त्यांना बौद्ध परंपरा ‘अव्याकृत’ म्हणते. शिल्पकाराने निद्रेची मुद्रा घेतली, आणि देहाला नाकारलेली सगळी हालचाल मंचकाखाली बसलेल्या शोकाकुल माणसांना आणि वर आकाशात जमलेल्या देवगणांना वाटून दिली. चित्रसूत्राची कसोटी आत्म्याच्या लिंगांवर उभी आहे, तर हे शिल्प आत्माच न मानणाऱ्या परंपरेतून आलेले आहे. त्यामुळे ते त्या कसोटीत उतरते की नाही हे विचारण्याऐवजी, ‘सुप्त की मृत’ या दोनच पर्यायांवर त्याने दगडात नोंदवलेली ती हरकत आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.