अंडे थांबल्यावर

वाचक माउली, पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. साधारण ७२ आठवड्यांनंतर अंडी कमी होतात, दाणा मात्र तेवढाच लागतो. म्हणून तिला कत्तलीला काढतात. आयुष्य तर अजून काही वर्षांचे उरलेले असते. इंग्लंडात ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट ही संस्था २००५ पासून अशा कोंबड्या पोल्ट्रीवाल्यांकडून घेऊन घरोघरी देते. पिसे झडलेली, तुरा फिका पडलेला. माती उकरायलाही ती हळूहळू शिकते.

आपण माळकरी, अंडे खात नाही. हा प्रश्न आपला नव्हे असे वाटेल. पण भाकड म्हशीचे दावे बाजारात दलालाच्या हाती आपणही देतोच. (पोल्ट्रीवाल्याला नावे ठेवायला आपण मोकळे!)

आता बघा, कोंबडी घरी नेणाराही उरलीसुरली अंडी घेतोच. मग ही भूतदया की स्वस्तातला व्यवहार? मला वाटते, अंडी घेतल्याने दया बाटत नाही. अंडे पुरते थांबते आणि रोजचा शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा चालूच ठेवावा लागतो, तिथे तिची कसोटी लागते. नाथमहाराजांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजले, तेव्हा ते पुढे कोणाचे ओझे वाहील, हे विचारले नव्हते.