सैल ब्रेकचं पाप कोणाचं?

अमेरिकेतल्या मोठ्या साखळी दुकानांत किराणा, कपडे आणि खेळण्यांच्या पलीकडे सायकलींची रांग असते. कारखान्यातून या सायकली खोक्यात अर्धवट जोडून येतात. पुढचं चाक, हँडल, पायडल आणि सीट दुकानात चढवायची, ब्रेक-गिअर तिथेच जुळवायचे. हे काम दुकानातला नोकर करतो किंवा कंत्राटदाराचा माणूस, आणि कंत्राटी माणसाला अनेकदा नगावर मजुरी मिळते. जितक्या सायकली उभ्या करील तितके पैसे. म्हणून दुरुस्तीवाल्यांकडे त्याच त्या चुका येत राहतात. फोर्क उलटा बसवलेला, त्यामुळे पुढचा ब्रेक मागच्या अंगाला गेलेला आणि वळताना पायाची बोटं चाकाला लागणारी. हँडलचा बोल्ट सैल, चाकाचा आऊट काढलेला नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घाईत ते नेहमीसारखं पिळलं की तिरकं शिरतं, क्रँकचे आटे खातं आणि पुढे कधीतरी चढावर जोर लावताना पायाखालून निसटतं. ब्रेकची वायर नटात नीट आवळलेली नसेल, तर दुकानात हलकेच दाबून पाहताना ब्रेक लागतो. उतारावर जीव खाऊन दाबला की वायर सरकते.

त्या उतारावर एखादं मूल पडलं तर पाप कोणाचं? हा प्रश्न ग्राहक न्यायालयाचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी कर्मविचार आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना क्रिया आणि पाचवं दैव. आपण एकटेच कर्ते असं मानणाऱ्याची समज तिथे अपुरी ठरवली आहे. याचा सोयीचा अर्थ असा निघतो की दोष पाच ठिकाणी वाटला गेला, म्हणजे कुणाच्याच माथी फारसा उरला नाही. तो अर्थ मला साफ नामंजूर आहे. कारणं पाच, म्हणून तपासही पाचही जागी व्हायला हवा. अधिष्ठानाचा अर्थ भाष्यकार शरीर असा करतात. कर्माचा आधार असा व्यापक अर्थ घेतला, तर इथे अधिष्ठान म्हणजे नगावरचा दर, गर्दीचा हंगाम आणि संध्याकाळपर्यंत इतक्या सायकली बाहेर काढा हा हुकूम. हे ज्याने आखलं त्याने पान्याला हात लावलेला नसतो, तरी तो त्या कर्माच्या आतच उभा असतो. दोषाचा मोठा वाटा त्याचा, कारण वेळ आणि दर बदलण्याची सत्ता त्याच्याकडे आहे.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांत विनोबांनी ‘विकर्म’ या शब्दाला स्वतःचा अर्थ दिला: बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड. त्या जोडीशिवाय कर्म कोरडं राहतं. सायकल जोडण्यात ही जोड अगदी साध्या रूपात दिसते. वायर आवळल्यावर ब्रेक पूर्ण ताकदीने पुन्हा पुन्हा दाबायचा, वायर सरकली का ते पाहायचं, पुन्हा आवळायची. पायडल आधी नुसत्या बोटांनी फिरवायचं आणि सहज शिरतंय अशी खात्री झाल्यावरच पाना लावायचा. याला कौशल्य थोडं लागतं, वेळ मात्र लागतो, आणि नगाचा दर नेमका तोच वेळ कापतो. म्हणजे माणसाच्या कर्मातून मन काढून घेऊन उरलेलं कर्म विकत घेतलं जातं. फळाची आशा सोड हा उपदेश अशा कामगाराला ऐकवणं मला क्रूर वाटतं. ज्याला कर्मच पुरतं करू दिलेलं नाही, त्याने निष्काम व्हायचं ते कशाच्या बाबतीत?

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. स्वस्त सायकल नसती तर गरीब घरातल्या मुलाला सायकलच मिळाली नसती. खरं आहे, आणि स्वस्ताईचा तिरस्कार करणारा मी नाही. साधं लोखंड, जड चाकं, कमी गिअर चालतील. पण ब्रेक लागणं हा सायकलीच्या दर्जाचा भाग नसून ती सायकल असण्याची अट आहे. शिवाय सैल सायकल गरिबालाच महाग पडते, कारण दुरुस्तीचा खर्च कित्येकदा तिच्या किमतीच्या जवळ जातो आणि ती भंगारात जाते. दुसरा आक्षेप: पुस्तिकेत सगळं लिहिलेलं असतं, गिऱ्हाइकाने तपासून घ्यावं. पण दुकानात जोडून उभी केलेली सायकल हेच एक वचन असतं. ते न बोलता दिलं म्हणून मोडता येत नाही.

मग पाना धरणारा सुटला का? नाही. गोरोबाकाकांच्या कथेत भजनात हरवलेल्या कुंभाराच्या पायाखाली, चिखलात, त्याचंच मूल तुडवलं जातं. विठ्ठल ते मूल परत देतो, तरीही इतक्या थोर भक्ताचं हातातल्या कामावरून उडालेलं भान कथेने लपवलेलं नाही. मन देवाकडे असतानाही पायाखाली कोण आहे हे पाहावं लागतं, मग घाईत असताना किती पाहायला हवं! ज्या ब्रेकबद्दल आपल्यालाच शंका आहे ती सायकल बाहेर न सोडणं, एवढं तरी जोडणाऱ्याच्या हातात उरतंच.

अमेरिकेत सायकलींचे सरकारी सुरक्षा नियम १९७६ पासून आहेत. वेगाने पळू शकणाऱ्या हातब्रेकच्या सायकलीची चाचणी ताशी २४ किलोमीटरला होते, आणि ती सुमारे साडेचार मीटरच्या आत थांबावी लागते. मात्र ती जोडणाऱ्याला कसलाही परवाना लागत नाही. आपल्याकडेही ऑनलाइन मागवलेली सायकल आता अर्धवट जोडलेली घरी येते, आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री या व्यवहारातून वगळला जातो. तेव्हा सायकल कुठूनही घ्या, मूल बसवण्याआधी ती मिस्त्रीकडे न्या, डावं पायडल आणि दोन्ही ब्रेक त्याच्याकडून तपासून घ्या, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.