हात आखडावा, पाठ फिरवू नये

गेल्या चातुर्मासात एका गावी कीर्तन आटोपले, मंडळी पांगली. एक तरुण मात्र खांबाशी बसून राहिला. वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला शिकणारा. त्याच्या आजोबांची नि माझी पंढरीच्या वाटेवरची ओळख. "महाराज, एक विचारू का?" म्हणाला, आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

मग हळूहळू उलगडले. प्रसूतिविभागात त्याची पाळी होती. गर्भ हा जीव आहे, तो आपल्या हातून जाऊ नये, ही त्याची मनापासूनची निष्ठा. एके दिवशी एक मजूर बाई आली. पदरी तीन लेकरे, चौथे नको म्हणून आलेली. मोठे डॉक्टर आतच होते. ह्याने तिला दारातच सांगितले, "आज होणार नाही, पुढच्या आठवड्यात या." ती मुकाट्याने गेली, ती पुन्हा आलीच नाही. "महाराज, मी जीव वाचवला की पाप केले?"

सज्जनहो, येथे दोन प्रश्न एकात गुंतले आहेत. ते आधी सोडवून घेऊ.

पहिला, ही निष्ठा खोटी आहे काय? मी तसे म्हणणार नाही. आपल्या धर्मशास्त्राने भ्रूणहत्या घोर पातकांत गणली. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावाने चालणाऱ्या जुन्या शपथेतही गर्भपाताचे साधन न देण्याचे वचन आहे. अडलेल्या गर्भाच्या प्रकरणात सुश्रुतानेही जिवंत गर्भावर शस्त्र चालवू नये असे बजावले. पण त्याने कारण काय दिले? तसे केल्यास गर्भ तर जाईलच, आईही जाईल! म्हणजे गर्भाचा विचार करताना त्याची नजर आईवरून ढळलेली नाही.

दुसरा प्रश्न, ह्या निष्ठेचे मोल कोणी द्यायचे? आपली एकादशी आपण करावी. दारी आलेल्या भुकेल्याला 'घरात काही नाही' असे सांगू नये. पूर्वपक्षी म्हणेल, "अहो, अन्न देण्यात पाप नाही, येथे जीव जातो. मग एक खोटे बोलले तर काय बिघडले?" शंका रास्त आहे. पण बरं का, तिने विश्वास टाकला तो ह्या पोरावर नव्हे, त्याच्या अंगातल्या पांढऱ्या डगल्यावर. त्याचा शब्द तिने दवाखान्याचा शब्द मानला. "मी ह्यात हात घालणार नाही, आत विचारा," एवढे खरे बोलला असता तर व्रत त्याचे राहिले असते आणि निर्णय तिचा.

शिवाय गर्भ वाचला हे तरी कशावरून? 1860 च्या दंडसंहितेने आईचा जीव वाचवण्यापुरती सवड ठेवून गर्भपात गुन्हा ठरवला होता. म्हणून तो थांबला नाही. बाया अडाणी हातांकडे गेल्या नि जिवाला मुकल्या. 1964 साली शांतिलाल शहा समिती नेमली गेली आणि 1971 चा कायदा आला. 2021 च्या दुरुस्तीने काही स्त्रियांना 24 आठवड्यांपर्यंत मुभा दिली. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. दिवस चढतात तसा धोकाही चढतो. आठवडाभराची ती थाप काही लहान नव्हती.

आणि आईच्याच जिवावर बेतले तर? आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार, दातांची डॉक्टर, 2012 साली आयर्लंडात 17 आठवड्यांची गरोदर होती. गर्भ टिकणार नाही हे दिसत होते. तिने सुटका मागितली. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. रक्तात जंतुदोष भिनून ती 31 व्या वर्षी गेली. गर्भ तर वाचलाच नाही. त्या देशाने 2018 साली लोकमत घेऊन कायदा बदलला. नव्या कायद्यात मन न धजणाऱ्या डॉक्टरला बाजूला राहता येते. पण रुग्णाला दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागते, आणि प्राणसंकटात ही सवलत नाही. मला वाटते, सिद्धांत हाच.

मुलगी नको म्हणून गर्भलिंग तपासू पाहणाऱ्याला मात्र उघड नकार द्यावा. तेथे 1994 चा कायदाही पाठीशी आहे.

मी त्या मुलाला म्हटले, "बाळा, तुझी निष्ठा वरिष्ठांना आधीच सांगून ठेव, त्यापायी बोलणी खावी लागली तर तू खा. पण विद्या अर्धी शिकू नकोस. आपसूक गर्भ पडून बाई रक्ताच्या थारोळ्यात येते, तेव्हाही गर्भाशय मोकळे करण्याची तीच विद्या लागते. चरकाने शिष्याकडून घेतलेल्या शपथेत रुग्णाच्या हितासाठी झटणे आहे, त्याचा द्रोह न करणे आहे, त्याच्या घरातली गोष्ट बाहेर न फोडणे आहे. रुग्णाचा न्यायनिवाडा करणे हे वैद्याचे काम नव्हे. आणि पोटातला जीव एवढा प्रिय, तर पदरातली तीन काय खातात हेही विचारावे की नाही?"

तो खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "महाराज, मी तर तिचे नावही विचारले नाही."

मी म्हटले, "मग पुढच्या बाईपाशी तेथूनच आरंभ कर."